हिलाल तांबटाच्या सदऱ्याचा वास

जळगावच्या बर्फाच्या कारखान्यात हिलाल तांबट लागला, तेव्हा भाऊबंदांनी नाकं मुरडली. बापजाद्यांची हातोडी टाकून हा गॅसवाल्याच्या नादी लागला! हिलालला मात्र अमोनियाचं भारी कौतुक. कोणी विचारो न विचारो, तो सांगत सुटे, "माठ पाझरस ना, तशीच गंमत शे." नळ्यांतला पातळ अमोनिया वायू होता होता भोवतालच्या मिठाच्या पाण्याची उष्णता ओढून घेई, त्या पाण्यात बुडवलेल्या डब्यांत बर्फ धरे, आणि यंत्र त्या वायूला दाबून, निववून पुन्हा पातळ करी. बर्फाला त्याचा स्पर्शही नसे.

वास मात्र हिलालला चिकटे. त्याच्या लेकीचं, ताईबाईचं, धुळ्याचं स्थळ त्यापायीच मोडलं. मुलाचा बाप नाकाला उपरणं लावून उठला आणि म्हणाला, "आम्ही काय गोठ्यात मुलगी बघायला आलो?"  

म्हणून भडगावच्या भिकुबाई मुलासाठी ताईबाईला पाहायला येणार होत्या, त्या दिवशी शेवंताबाईनं नवऱ्याला बजावलं होतं, "आधी आंघोळ, मंग पाहुणा." पण नेमकी त्याच दुपारी कारखान्यात नळी गळली. नाकाला ओलं फडकं बांधून हिलालनं गळती हुडकायला पेटती गंधकाची कांडी नळ्यांवरून फिरवली. पांढरा धूर उठला तिथला सांधा आवळला. घामाघूम होऊन मागल्या दारानं घरी येतो, तर पाहुण्या ओसरीवर आधीच बसलेल्या.

भिकुबाईंनी खोल श्वास घेतला. "भांडासले आज कल्हई लाई वाटस?"

शेवंताबाईच्या जिवात जीव आला. कल्हई करताना तापल्या भांड्यावर नवसागर टाकला की हाच अमोनिया वायू उठतो. तांबटाच्या घरात तो वास शुभच. गप्प बसलं की काम फत्ते, असं तिनं डोळ्यांनी खुणावलंही. पण खोट्यावर लेक द्यायची, हे हिलालच्या गळी उतरेना.

तो पुढे झाला. "नही अक्का. घरमा कल्हई नही. हाऊ मना कपडासना वास शे, कारखानाना."

शेवंताबाईनं कपाळावर हात मारला.  भिकुबाईंच्या कपाळावर कुंकू नव्हतं. नवरा भडगावात कल्हईवाला म्हणून नावाजलेला होता.

"तीन वरीस व्हयनात," त्या म्हणाल्या, "मना घरमा हाऊ वास उना नही." पदरानं डोळे टिपून त्यांनी दाराशी उभ्या ताईबाईला जवळ ओढलं. "पोर आमनी शे."

हिलाल संकोचून न्हाणीकडे वळला.

"आंघोळ मंग करा, भाऊ," भिकुबाई ओसरीवरची जागा दाखवत म्हणाल्या. "जराखा आठेच बसा."