तळीचा पाचवा हात

त्या दिवशी सकाळी मला कुणी विचारलं असतं, देवावर विश्वास आहे का, तर मी म्हणालो असतो, देवावर आहे, त्याच्या न्यायावर नाही. हे लिहिताना संकोच वाटतो, पण खरं तेच लिहायचं ठरवलं आहे. आमच्या घराण्यात कुळदैवताचे टाक, म्हणजे देवाची प्रतिमा उठवलेले देवघरातले चांदीचे छोटे पत्रे, बापाकडून थोरल्या मुलाकडे जातात. थोरला मी. आणि आमच्या आबांनी ते टाक माझ्या धाकट्या भावाला, दत्ताला दिले. मी तेव्हा सुट्टी घेऊन गावी पिशोरला आलो होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी लाल फडक्यात गुंडाळलेला खंडोबा दत्ताच्या ओंजळीत ठेवला. मी कारण विचारलं. आबा म्हणाले, "तुझं घर भाड्याचं. दर दोन वर्षाला बदलतं. देवानं किती बोचकी बांधायची रे?" सगळे हसले. दत्ताही हसला. मी त्याच रात्रीच्या गाडीनं हैदराबादला परतलो.

माझी जळजळ समजायला थोडं मागचं सांगायला हवं. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी. झालो तेव्हा आबांनी पिशोरच्या बाजारात ओळख नसलेल्या माणसांनाही थांबवून पेढा दिला होता. ते मला आवडायचं, अजूनही आवडतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. दत्ता बारावीला अडकला, बिडकीनच्या एका कंपनीत लागला, संभाजीनगरला बीड बायपासच्या अलीकडे दोन खोल्यांचं घर बांधलं आणि आई गेल्यावर आबांना तिथं घेऊन आला. म्हणजे बाप त्याच्याकडे, देव त्याच्याकडे, आणि माझ्याकडे भिंतीवर चौकटीत लावलेला एक कागद. शिवाय आणखी एक गोष्ट मनाला लागली होती. चंपाषष्ठीला आमच्याकडे तळी उचलतात. ताम्हनात हळदीचा भंडारा, खोबरं, विड्याची पानं ठेवायची, पाच पुरुषांनी खालून हात लावायचा आणि येळकोटाच्या गजरात ताम्हन तीनदा वर न्यायचं. उचलण्याआधी 'अमक्याच्या घरची तळी' अशी हाक घालतात. लहानपणापासून त्या हाकेत मी आबांचं नाव ऐकत आलो होतो. पुढं कधीतरी तिथं माझं नाव येईल असं मी धरून चाललो होतो. आता देव दत्ताचे, म्हणजे हाकही दत्ताच्या नावाची. घराण्याच्या देवापुढं ते नाव घुमणार, आणि शिकलो मी!

त्यानंतर मी तळीला गेलो नाही. दत्ता फोन करायचा, मी सुट्टी नाही म्हणायचो. मग तो घरच्या ग्रुपवर फोटो टाकायचा. ताम्हनाखालचे हात मी मोठे करकरून पाहायचो. हा आबांचा, हा दत्ताचा, हा त्याच्या मेहुण्याचा. मेहुण्याचा हात आमच्या देवाला, माझा नाही! आणि सगळ्यात हलकट गोष्ट सांगतो. चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवेपर्यंत आमच्याकडे आषाढापासून वांगं खात नाहीत. मी हैदराबादेत मुद्दाम वांगी आणायला लागलो. देव दत्ताकडे, तर पथ्यही दत्तानंच पाळावं. बायको म्हणायची, तुम्हाला तर वांगं फारसं आवडतही नाही. आवडत नव्हतंच. तरी खायचो.

अशात ऑफिसनं मला दिल्लीला पाठवलं आणि तिकीट काढणाऱ्यानं ते नेमकं संभाजीनगरमार्गे काढलं. सकाळी चिकलठाण्याला उतरायचं आणि दिल्लीचं विमान थेट संध्याकाळी. तारीख पाहिली तर चंपाषष्ठी. बरोबरचे लोक विमानतळावर खुर्च्या अडवून झोपायच्या तयारीला लागले. परक्या शहरात असा वेळ मिळाला तर माणूस बाहेर पडून चार गोष्टी बघून येतो. माझ्या स्वतःच्या जिल्ह्यात मी पाहुण्यासारखा काचेआड बसलो होतो. दत्ताला कळवायचं नाही हे विमानातच ठरलं होतं. पण बसवेना. मनात आलं, टाक त्याच्याकडे असतील, देऊळ काही त्याच्याकडे नाही. शहरालगतच्या सातारा गावच्या खंडोबाला आपण परस्पर भेटू आणि दत्ताची तक्रार थेट मालकापाशी करू. खांद्याला बॅग अडकवून बाहेर आलो.

रिक्षावाल्यानं माझा इस्त्रीचा शर्ट पाहिला आणि विचारलं, "किधर जाना साब? मकबरा? पानचक्की?"

मी चिडून म्हणालो, "मी इथलाच आहे. सातारला चल, खंडोबाच्या देवळात."

"यहीं के हो तो बॅग लेके घूमने कायकू निकले?" तो आरशात बघत हसला. "घर पे कोई नै क्या?"

 बायपासला लागलो तसा दत्ताच्या घराकडे वळणारा रस्ता दिसला. मी मान दुसरीकडे फिरवली. 

देवळाबाहेर यात्रा भरली होती. जमीन, पायऱ्या, माणसांचे चेहरे, सगळं पिवळं. रांगेत उभा राहून आत गेलो. मूर्तीसमोर आलो आणि तक्रार करायला तोंड उघडलं तर शब्द सुचेनात. पुजाऱ्यानं पुढं सरकवलं. बाहेर येऊन दीपमाळेजवळ थांबलो. जिकडंतिकडं घोळके, प्रत्येक घोळक्यात एक ताम्हन, प्रत्येक ताम्हनाखाली घरचे हात. एवढ्या माणसांत मी एकटा होतो, आणि मला त्या सगळ्यांचा हेवा वाटत होता. अगदी अनोळखी माणसांचाही.

तेवढ्यात एकानं हाक मारली. "ओ साहेब! एकटेच हायेत ना? जरा हात लावता का? एक हात कमी पडतोय."

पैठणकडचं धनगराचं कुटुंब होतं. हाक मारणारा साठीचा, अंगावर घोंगडं, घरचे त्याला तात्या म्हणत होते. सोबत त्याची दोन मुलं आणि एक पुतण्या. चार झाले. मी म्हणालो, मी तुमच्यातला नाही. तात्या म्हणाला, "देवाच्या दारात कोन इचारतंय? डोक्याला रुमाल तेवढा बांधा." मी रुमाल बांधला, बूट काढले, गुडघे टेकले आणि ताम्हनाखाली हात घातला. तात्यानं मान वर करून हाक घातली, "सखारामआप्पाच्या घरची तळी! बोला, सदानंदाचा येळकोट!"

किती दिवसांनी हाताला ते ताम्हन लागलं होतं. मला भान राहिलं नाही. मी इतक्या जोरात उचललं की ताम्हन कलंडलं आणि अर्धा भंडारा माझ्या अंगावर आला. शर्ट, पँट, चष्मा, सगळं पिवळं. पुतण्या खिदळला, "साहेब, एकट्यानंच वर न्येताय व्हय?" बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या. मलाही हसू आलं. पुढच्या दोन्ही वेळा मी नुसता हात लावून ठेवला, ताम्हन आपोआप वर गेलं.

मी निघालो तसा तात्यानं मला थांबवलं. खोबरं आणि चिमूटभर भंडारा पानावर ठेवून तो दबक्या आवाजात म्हणाला, "एक काम करा. भाईर लिंबाखाली पिकअप उभी हाय. म्होरं आमचा थोरला भाऊ बसलाय. माझ्या हातचं घ्यायचा न्हाई. तुमच्या हातचं घेईल."

"का बरं?"

"देव माझ्याकडं आले ना. मेंढरांमागं त्यो फिरायचा, घरी मी. बानं माझ्याकडं दिले. तवापासून इथपतूर येतो, पर गाडीतून उतरत न्हाई. तेच्या जागंला दरसाल कुनीतरी परकाच लावतो आमी."

 प्रसाद घेऊन मी लिंबाखाली गेलो. गाडीत एक सत्तरीपुढचा म्हातारा बसला होता. मिशा पांढऱ्या, काठी गुडघ्यांत धरलेली, नजर सरळ पुढच्या काचेवर. मी पान पुढं केलं. त्यानं आधी माझा पिवळा शर्ट पाहिला.

"माझ्या जागंला तू व्हतास?"

"हो आजोबा."

"कोन लागतूस तू आमचा?"

"कुणी नाही."

"कुनी न्हाई!" तो काठी आपटून म्हणाला. "कुनी न्हाई त्यो हात लावतो आन् मी हितं माशा मारतो." त्याच्या डोळ्यांत जे दिसलं ते मी रोज सकाळी दाढी करताना आरशात पाहत होतो. या म्हाताऱ्याला माझा हेवा वाटत होता. माझा! मग त्यानं हळूच विचारलं, "सांडला का भंडारा?"

"सांडला. माझ्यामुळं."

"सांडनारच. त्यो नामा, माझा धाकटा, हात लई लौकर सोडतो. ल्हानपनापासून." आणि पुन्हा काचेकडे बघत, जणू सहज, "हाक कुनाच्या नावानं घातली?"

मी आठवून सांगितलं. "सखारामआप्पाच्या घरची तळी, असं म्हणाले."

  म्हाताऱ्यानं पान माझ्या हातातून घेतलं, भंडारा कपाळाला लावला आणि खोबऱ्याचा तुकडा गालात धरून म्हणाला, "सखाराम म्हंजी मी." थोडं थांबून, "दरसाल माझंच घेतो का काय त्यो?"

हे मला कसं माहीत असणार? मी म्हणालो, "उतरून विचारा की." त्यानं माझ्याकडे रागानं पाहिलं आणि काठी दाराबाहेर टेकली. मी हात दिला. तो तात्यापर्यंत गेला का, दोघं काय बोलले, ते मी पाहिलं नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. आमच्या घरी आबा थोरलेही होते आणि देवही त्यांच्याकडे होते, म्हणून मी आयुष्यभर समजत आलो की ज्याच्याकडे देव त्याच्या नावानं हाक. दत्ता कुणाच्या नावानं घालतो हे मी कधी ऐकलंच नव्हतं. ऐकायला गेलो नव्हतो.

दत्ताचं घर तिथून चालण्यासारखं. दोनदा परत फिरावंसं वाटलं. दार उघडंच होतं. चुलीवर भाजलेल्या वांग्यांचा वास बाहेरपर्यंत येत होता. सुनंदा, दत्ताची बायको, मला पाहून म्हणाली, "अगंबाई, दादा! आणि हे काय, आधीच भंडारा?" आबा टोपी घालून पाटावर बसले होते. दत्ता, त्याचा मेहुणा आणि समोरच्या घरातले एक गृहस्थ तयार होते. पाचवे शेजारी ड्युटीवर अडकले होते, त्यांची वाट पाहत सगळे खोळंबले होते.

दत्तानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "देवळात जाऊन आलास? आधी देवळात आन् मग घरी?"

"विमान संध्याकाळी आहे," मी म्हणालो. 

"बस मग. रुमाल बांध."

मी बसलो. माझा हात आबांच्या हाताला लागला. दत्तानं भंडारा उधळला आणि हाक घातली. माझ्या नावानं. माझं नाव, मागं आबांचं, मग आडनाव, आणि सगळ्यात शेवटी खणखणीत आवाजात, "बी.एस्सी. यांच्या घरची तळी!"

माझे हात सुटले. ताम्हन झुकलं. आबा ओरडले, "धर की नीट, बी.एस्सी.!"

तळी झाल्यावर मी दत्ताला विचारलं, हे कधीपासून. तो रोडगा कुस्करत म्हणाला, "देव आले तवापासून. आबांनीच सांगितलं, सांभाळायचं तू, नाव थोरल्याचं. मला काय कमी राग येतो का? वांगी सोडायची मी, आंघोळ देवांना घालायची मी, आन् नाव तुझं. ते तर ते, वर बी.एस्सी.! दरसाल!" त्याच्या आवाजात जे होतं ते मी लगेच ओळखलं. त्यात मी चांगला मुरलेलो होतो. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि भरीत मागितलं. वांग्यांचं त्याला सांगितलं तेव्हा आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

एवढ्या गर्दीत त्या ताम्हनाला एकच हात कमी का पडावा, तात्यानं मलाच का हाक मारावी, याचा हिशेब मी मांडत नाही. मी तक्रार घेऊन गेलो होतो, ती बोलायच्या आधीच निकाली निघाली, एवढं मला कळतं. पाच जण धरतात तेव्हा ताम्हनाचं वजन कुणा एकाच्या हाताला कळत नाही. मला ते माझ्या हाताला कळायला हवं होतं, म्हणून भंडारा सांडत होता. आता नुसता हात लावून ठेवायचा, असं ठरवलं आहे. वर न्यायचं काम देवाचं.

मत्सर पुरता गेला असं म्हणणार नाही. ग्रुपवर दत्तानं देवघराचा फोटो टाकला की अजून छातीत बारीक कळ येते. टाक त्याच्याकडेच आहेत आणि तिथं ते बरे आहेत. यंदा चंपाषष्ठीची रजा आधीच मांडून ठेवली आहे. आणि वांगी आषाढापासून सोडलीत.