केवळरामची दोन कुलपं

नागरा गावच्या केवळरामला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या घरासमोर सायकलीला कुलूप लावत होता. एक पुढच्या चाकाला, एक मागच्या. फुलचूरसारख्या गावात, भर दुपारी, मी समोर बसलेला असताना. ज्याला दुसऱ्यांचा एवढा संशय, त्याच्याच मनात काही असणार, असं मी धरून चाललो.

त्याला माझ्या सुनेनं, रीतानं, कॉम्प्युटर दुरुस्तीला बोलावलं होतं. ती घरीच लग्नाच्या व्हिडिओंचं काम करते. कॉम्प्युटर जुना. दोन तुकडे जोडायला घेतले की पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहायचं. त्यात चिचगडच्या खुशबूचं लग्न अडकलं होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत खुशबूचे वडील झामसिंग वारले. त्यांचं चालतंबोलतं चित्र कॉम्प्युटरमधल्या डिस्कशिवाय कुठंच नव्हतं. कॅमेऱ्यातलं रीतानं पुढच्या लग्नासाठी पुसलं होतं. रविवारी खुशबू न्यायला येणार होती.

"मामाजी, इथंच बसा," रीता हळूच म्हणाली. "दुरुस्तीवाले डिस्क बदलून नेतात म्हणे."

मी खुर्ची ओढून बसलो.

केवळरामनं कॉम्प्युटरचा डबा उघडला, डिस्क बाहेर काढली आणि नुसता आत पाहत राहिला. मी राइस मिलमध्ये फिटर होतो. हात थांबला की काम थांबलं, एवढंच मला कळतं.

"काय पायून राहिले?"

"डिस्क चांगली हाय, काकाजी. बोर्डावरची वाट जुनी हाय. तलाव भरला, पण तुडुम लहान."

तुडुम म्हणजे तलावाचं पाणी सोडायची मोरी. तिथून जेवढं येईल तेवढंच शेताला मिळतं.

"मंग?"

"मंग हे कंट्रोलर कार्ड. मोठं तुडुम समजा. डिस्क बोर्डाले नाई, याले जोडाची."

कार्ड त्यानं उन्हात धरलं, वास घेतला, वरची अक्षरं नखानं खरवडली. "नागपूरवरून आणलं. दुकानदार लय गोड बोलला," म्हणून पुन्हा खरवडली. मग रीताकडं नेलपॉलिश मागितली.

"कायले?"

"डिस्कवर तुमच्या हातानं खूण करा. उद्या म्हणाल, केवळरामनं बदलली."

रीतानं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. तिनं खूण केली.

त्यानं कार्ड बसवलं आणि कुलपं पाहायला बाहेर गेला. डिस्क यालाच जोडायची, हे रीतानं ऐकलं होतं. तिनं जोडली. कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर इंग्रजीत ओळ आली.

"सुरू करू का म्हणून विचारून राहिलं," रीता म्हणाली आणि बटणाकडं बोट नेलं.

"हात काढा!"

केवळराम दारातून धावत आला आणि त्यानं भिंतीतली पिनच ओढली. पडदा काळा झाला. मी उठून उभा राहिलो.

"काऊन बंद केलं? डिस्क आमची. काय लपवून राहिले?"

"तुमी मिलमधले ना? नवीन धान लावाच्या आधी काय करता?"

"आधीचा माल काढून टाकतो."

"हे कार्ड तेच विचारून राहिलं होतं. आधीचं पुसून सुरू करू का."

"खरं कशावरून?"

तो पहिल्यांदाच खूश दिसला. "हां. असं विचारा."

त्यानं स्वतःजवळची कोरी डिस्क काढली. तिच्यावर रीताला माझा एक फोटो टाकायला लावला. ती डिस्क कार्डाला जोडली. तीच ओळ आली. "आता दाबा, बाई." रीतानं दाबलं. नंतर डिस्क उघडून पाहिली. मी त्यात नव्हतो.

रीतानं खुणेची डिस्क स्वतःच त्याच्या हातात दिली.

मग त्यानं ती बोर्डावर जुन्याच जागी लावली आणि तिच्यातलं सगळं कार्डाला जोडलेल्या नव्या डिस्कवर उतरवायला घेतलं. लहान तुडुमातून येणार, वेळ लागला. तो हलला नाही. मीही हललो नाही. चहा आला, मी घोट घेतल्यावर त्यानं घेतला.

उतरवून झाल्यावर रीतानं लग्न उघडलं. चक्र फिरलं नाही. मांडवात झामसिंग उभे होते, कॅमेऱ्यावर खेकसत होते: "माहा काऊन काढता? पोरीचा काढा!"

रीतानं ते पुन्हा लावलं. केवळराम तोवर खुणेची डिस्क उलटसुलट करून पाहत होता.

"हिच्यातलं पुसू नका," तो म्हणाला. "कार्डाचा भरवसा नाई."

"आन तुमचा?" मी विचारलं.

"माहाही नाई," म्हणाला आणि कुलपं उघडायला गेला.

रविवारी खुशबू आली. वडिलांचं खेकसणं ऐकून हसली, मग पदर तोंडाला लावला. रीतानं दिलेला पेनड्राइव्ह मुठीत धरून दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"काकाजी, याच्याशिवाय आखीन कुठी हाय ना?"

"हाय."

"कुठी?"

मी सांगितलं नाही. खुणेची डिस्क मी कुठं ठेवली, ते रीतालाही माहीत नाही.