दात खाणारा मॅनेजर

…तर पाणी जिन्यावरून धबाधबा उतरत होतं आणि आपला श्रीनिवास पंप बंद करायचा सोडून खुर्चीत डुलक्या घेत होता. काल इथवर आलो होतो, नाही का? भरदुपारी झोपला म्हणून त्याला आळशी ठरवू नका हं! कोथरूडच्या त्या सोसायटीचा तो मॅनेजर. इतका राबणारा माणूस शोधून सापडायचा नाही. पण रात्रभर अंथरुणात पडूनही सकाळी उठायचा तो शिणलेलाच. जबडा आखडलेला, कानशिलं ठणकत.

कारण घरात सगळ्यांना ठाऊक, त्याला सोडून. गडी झोपेत दात खायचा. करकर, करकर, वंगण संपलेल्या बैलगाडीसारखा.

"अहो, रोज रात्री कोणावर दात खाता?" बायको आम्रपालीने विचारलं. "माझ्यावर असेल तर जागेपणी सांगा."

आई वाशीमची. तिने निदान करून टाकलं. "जंत झाले तुले! लेकरू दात खाते म्हंजे पोटात जंतच." मग चाळिशी ओलांडलेलं ते लेकरू नाक दाबून वावडिंगाचा काढा प्यायलं. बरेच दिवस प्यायलं. करकर काही थांबली नाही.

त्यात ही टाकी वाहिली. मॅनेजरला ठेवायचं की काढायचं, यावर रविवारी मीटिंग ठरली. त्याआधी दाढ ठणकते म्हणून तो तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टर नजमाबाईंकडे गेला.

"दाढा पार झिजल्यात हो," बाई म्हणाल्या. "जंत बिचारे निर्दोष आहेत. सभासद टोमणे मारतात, तेव्हा तुम्ही काय करता?"

"हो साहेब म्हणतो."

"आणि दात?"

श्रीनिवासने जबडा चाचपला. आत्ताही तो घट्ट आवळलेला! त्याचं त्यालाच हसू आलं.

"दिवसा ओठ मिटलेले चालतील, दात सुटे ठेवा. रात्री दातांवर घालायला साचा देते. त्याने दाढा वाचतील, पण झोप सारखी मोडत राहिली तर ही सवय हटता हटणार नाही. रात्री उठवतं कोण?"

"मोबाइल. कुणाची लिफ्ट अडकते, कुणाला शेजारच्यांचा टीव्ही ऐकू येतो."

"मग रात्री आधी त्याचं तोंड मिटा," बाई म्हणाल्या.

रविवारी सगळे जमले. अध्यक्ष रावसाहेब, निवृत्त अधिकारी. आवाज कधी चढायचा नाही, पण बोलणं सुईसारखं.

"या मॅनेजर! परवा जिना छान धुतलात. त्याचे वेगळे पैसे नाहीत ना?" खुर्च्या खुदखुदल्या. "आणि काय हो, आमच्यावर दात खाता म्हणे?"

'हो साहेब' सवयीने ओठांवर आलंच होतं. वरचे दात खालच्यांवर टेकणार, एवढ्यात श्रीनिवासने जबडा सैल सोडला. छान वाटलं त्याला. मग खुर्ची ओढून तो सगळ्यांसमोर ऐसपैस बसला आणि म्हणाला,

"खात होतो रावसाहेब, पण झोपेत. आता जे असेल ते जागेपणी बोलतो. टाकी वाहिली ती माझी चूक, ती मला मान्य. पण रात्री दहानंतर आग लागली तरच फोन करायचा. बाकी तक्रारी सकाळी, माझी झोप झाल्यावर. हे पटत असेल तर मी आहे, नाहीतर न झोपणारा माणूस शोधा, आणि सापडला की मलाही दाखवा!"