बॉल मोकळ्या हाताचा

महानंदाच्या हातातून बॉल सुटला की ती लगेच पाठ फिरवायची. बॉल अजून हवेत आहे, मैदानाभोवती जमलेली उमरग्याची अर्धी बाजारपेठ माना वर करून त्याच्याकडे बघते आहे, आणि ही आपल्या बाजूच्या खांबाकडे पळत सुटलेली. बास्केट झाली की नाही, हे तिला मागच्या आरड्याओरड्यावरूनच कळायचं. पहिल्यांदा मी तिच्यावर रागावलो. मी तिथल्या कॉलेजात खेळाचा शिक्षक. रागावणं हा आमच्या नोकरीचाच भाग. म्हटलं, "अगं, निदान गेला का नाही ते तरी बघ!"

"सर, हातातनं सुटला की माझं काम संपलं की. आता त्यो जाणार तितंच जाणार. म्या बघून काय त्याला ढकलणार हाय?"

अशी उत्तरं मी पुढे तीन वर्षं ऐकली.

तिच्या वडिलांची, वीरभद्रप्पांची, हायवेला डाळमिल. घरात कानडी, दुकानात मराठी आणि ट्रकवाल्यांशी हिंदी, असा त्या घरचा रिवाज होता. नंदा भांडायला लागली की तिन्ही भाषा एका दमात वापरायची. उंची इतकी, की कॉलेजच्या ऑफिसात शिरताना वाकायची. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात ती मैदानावर आली, ती मला संघात घ्या असं म्हणायला नव्हे. "सर, ही जाळी कुणी बांदली? वाकडी हाय," असं सांगायला आली होती. शिपाई शिडी आणायला गेला. तो परत येईपर्यंत हिने दोन उड्या मारून जाळी सरळ केली होती. तिचं नाव मी त्याच वेळी संघात घातलं.

व्यक्तिचित्रात माणसाला देव करून टाकायची आपल्याकडे खोड आहे, म्हणून आधीच सांगतो. नंदा साधीभोळी वगैरे अजिबात नव्हती. तिला टाळ्या आवडायच्या. जिंकल्यावर मैदानासमोरच्या चहाच्या टपरीवरून ती मुद्दाम हळू चालत जायची, म्हणजे लोक काय बोलतात ते नीट ऐकू येतं. आमच्याकडे जिंकलेल्या सामन्यानंतर एक नारळ फुटतो. जिने सगळ्यात जास्त गुण केले तिने तो खांबाजवळच्या दगडावर फोडायचा आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा तिने घ्यायचा, हा मान. दोन वर्षं तो नारळ नंदाशिवाय कुणी फोडला नाही. पहिला तुकडा ती घ्यायचीच, पण दुसराही तिचाच असायचा. कुणी हटकलं तर म्हणायची, "एवढ्या लांब शरीराला दोन लागत्यात ओ."

तिला हवा होता तो कोट. विद्यापीठाच्या संघात निवड झालेल्या खेळाडूला तो मिळतो, खिशावर विद्यापीठाचं चिन्ह असतं. उमरग्यात तोवर बास्केटबॉलचा कोट कुणाच्याच अंगावर चढला नव्हता. "बाह्या लांब लागतील म्हणून आधीच सांगून ठिवा तितं," असं ती मला अधूनमधून बजावायची. पहिल्या वर्षी ऐन स्पर्धेत तिला टायफॉइड झाला. दुसऱ्या वर्षी आम्ही लवकर हरलो, आणि निवड करणारी समिती फक्त शेवटचे सामने बघायला येते, त्यामुळे तिला कुणी पाहिलंच नाही. आता तिसरं वर्ष होतं. त्यानंतर कॉलेज संपणार आणि कोटाचा विषयही संपणार.

आणि नेमकं त्याच वर्षी सगळ्यांना आमची किल्ली सापडली. समोरचा संघ नंदाच्या अंगावर एकीऐवजी दोघी सोडायला लागला. लातूरकडच्या एका संघाशी सरावाचा सामना होता. दोघींना अंगावर घेऊन नंदा हट्टाने बास्केट मारत राहिली आणि आम्ही सपाटून हरलो. दुसऱ्या दिवशी सगळ्या मैदानावर जमल्या. नंदा सिमेंटवर मांडी घालून बसली होती. म्हणाली,

"सर, माझ्या अंगावर दोघी येत्यात. म्हंजे आपली एक पोरगी रिकामी ऱ्हाती का न्हाय?"

"राहते."

"मग तिला का देत न्हाय म्या बॉल?"

"कारण तू नंदा आहेस," मी म्हणालो. सगळ्या हसल्या. ती हसली नाही.

"बॉल काय कुणाच्या बापाचा न्हाय सर. ज्याचा हात मोकळा, त्याचा बॉल."

मोकळा हात होता रुखसारचा. हायवेवर ट्रक दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींची ही मुलगी, पहिल्या वर्षाला, चणीने एवढीशी. एकटी उभी असली तर तिचा नेम चुकत नसे. कुणी अंगावर धावून आलं की बॉल भलतीकडेच जायचा. म्हणजे तिला एक क्षण मोकळा मिळायला हवा होता आणि तो कुणीतरी मिळवून द्यायला हवा होता. नंदाने ते काम घेतलं. दोघींना आपल्याकडे ओढायचं, बॉल रुखसारला द्यायचा आणि तिच्यावर धावून येणारीच्या वाटेत आडवं उभं राहायचं. नियम असा, की आडवं उभं राहणारीने हलायचं नाही. धडकणारी येऊन धडकते, आणि लागतं ते उभी असते तिला.

मी नंदाला बाजूला घेऊन विचारलं, "आणि कोट?"

ती गुडघ्यावरची खपली काढत बसली होती. म्हणाली, "जिंकलो तर निवडणारे माझ्याकडं बी बघतीलच की. आंधळे हायत का?"

"आंधळे नाहीत. पण ते गुण बघतात."

"मग तुमी हाय की सांगायला."

झालं. माझ्या गळ्यात जबाबदारी टाकून ती पाणी प्यायला गेली.

आम्ही जिंकायला लागलो. नारळ रुखसार फोडायला लागली. आणि टपरीवर निकाल लागला, की नंदाची विहीर आटली. आमच्या गावात क्रिकेटपासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांचा निकाल त्या टपरीवर लागतो. कुणी म्हणे पोरगी मिजासखोर झाली, मेहनत सोडली. कुणी म्हणे अभ्यासाचं टेन्शन असेल. एकाने तिला तोंडावरच विचारलं, "काय नंदाक्का, विहीर आटली म्हणं?"

"विहीर न्हाय आटली काका," ती चालता चालता म्हणाली, "मोटर चालूच हाय, पाणी दुसऱ्या वावरात सोडलंय."

हे उत्तर गावाला फार आवडलं. मत मात्र कुणी बदललं नाही. शेवटी वीरभद्रप्पाच माझ्याकडे आले. कपाळावर भस्माचे पट्टे, हातात टोपी, चेहरा उतरलेला. "सर, पोरीला काय दुखतंय का ओ? पयलं एकटी सगळं मारायची. आता निस्ती आडवी हुभारती."

मी म्हटलं, "अप्पा, उद्या एकदा खेळ बघायला या. पण बॉलकडे बघायचं नाही. फक्त तुमच्या पोरीकडे बघायचं."

ते आले. मैदानाच्या कठड्यावर बसून पूर्ण वेळ त्यांनी लेकीकडे पाहिलं. उठताना डोळे पुसत म्हणाले, "लई मार खाती ओ पोरगी." तिच्या खेळाबद्दल त्या वर्षी कुणी काढलेलं पहिलं बरोबर वाक्य हेच.

अंतिम सामना धाराशिवला होता. निवड समितीचे तिघे मांडवात खुर्च्या टाकून बसले होते. समोरच्या संघाने ठरल्याप्रमाणे नंदावर दोघी सोडल्या आणि नंदाने ठरल्याप्रमाणे त्यांना मैदानभर फिरवलं. एका धडकेत तिचा ओठ फुटला. ती जर्सीच्या टोकाने रक्त पुसून पुन्हा तिथेच उभी राहिली. दोनदा तिचा स्वतःचा हात मोकळा झाला, तेव्हा तिने बास्केट मारायला मागेपुढे पाहिलं नाही. बस, तिचे गुण तेवढेच, चार.

शेवटी दोन्ही संघ बरोबरीत आले. बॉल नंदाच्या हातात, अगदी मांडवासमोर. "मार नंदा, मार!" गावाहून आलेले लोक ओरडत होते. खरं सांगायचं तर मनातून मीही ओरडत होतो. कोट तिच्यापासून हातभर अंतरावर होता. तिने हात वर केले. दोघी तिच्यावर झेपावल्या. आणि तिने तो बॉल त्यांच्या काखेखालून रुखसारकडे सोडला, पाठ फिरवली आणि आपल्या खांबाकडे पळत सुटली. बॉल जाळीत पडला तेव्हा मैदानात एकट्या नंदाची त्याच्याकडे पाठ होती.

उमरग्याहून पिशवीतून नेलेला नारळ मी रुखसारच्या हातात दिला. ती रडत होती. "मेरेकू नक्को. अक्का फोडेगी."

"ए, रीत म्हंजे रीत," नंदा म्हणाली. "फोड बिगीनं. मला भूक लागलीय."

रुखसारने नारळ फोडला आणि पहिला तुकडा नंदाच्या तोंडात कोंबला. फुटक्या ओठाला तो झोंबला असणार. तरी तिने दुसऱ्यासाठी हात पुढे केलाच.

मी मांडवात गेलो. समितीचे प्रमुख माझ्या ओळखीचे, भले गृहस्थ. ते म्हणाले, "सर, तुमची रुखसार घेतली बरं का. पण त्या महानंदाचं काय झालं? चारच गुण?"

"साहेब, शेवटच्या बास्केटला तुम्ही कुणाकडे बघत होता?"

"बॉलकडे. दुसरं कुणाकडे बघणार?"

"नंदाला बघायचं असेल तर बॉल सोडून बघावं लागतं," मी म्हणालो, आणि मग जे जे सांगता येईल ते सांगितलं. दोघी कुणी ओढल्या, वाट कुणी अडवली, ओठ कुणाचा फुटला. माझा आवाज चढला होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, उरलेल्या दोघांशी बोलले आणि परत आले.

"तुमचं खरं आहे, असं धरून चालू. पण वर मला विचारलं, चार गुणांची मुलगी का घेतली, तर काय सांगू? छान उभी राहते म्हणून?"

त्यांनी थट्टा केली नव्हती, त्यांना खरंच प्रश्न पडला होता. तरीही त्या दिवशीचा तो निर्णय चुकला, असं मी तेव्हाही तोंडावर म्हणालो आणि आजही म्हणतो. आता मलाच कधी कधी अशा समितीवर बोलावतात. मी बॉलकडे बघत नाही. बॉल उजवीकडे गेला की सगळे तिकडे बघतात, तेव्हा माझी मान डावीकडे असते. बरोबरच्या तरुण मंडळींना वाटतं, सरांना डुलकी लागली. लागू दे वाटायला. डावीकडे कुणीतरी धक्के खात उभं असतं आणि तिचं नाव मला हवं असतं.

नंदा आता डाळमिल चालवते. संध्याकाळी मैदानावर शाळेच्या मुलींना शिकवते आणि वाकड्या जाळीवरून अजून शिपायाशी भांडते. कोटाचा विषय कुणी काढला तर म्हणते, "आमच्या इकडं कोट घालण्याइतकी थंडी पडती कुठं?" लोक हसतात आणि विषय संपतो. पण त्या संध्याकाळी एसटीत ती जे बोलली ते लोकांना ठाऊक नाही. ते फक्त मी ऐकलं आहे.

निवड झालेल्यांची नावं वाचून दाखवली तेव्हा नंदा तिथे नव्हती. ती पिशव्या आणि बाटल्या गोळा करत होती. मीच जाऊन तिला सांगितलं. "व्हय का," एवढंच म्हणाली आणि एसटीत जाऊन खिडकीशी बसली. मी तिच्या शेजारी बसलो. पुढच्या बाकांवर मुली गाणी म्हणत होत्या. तुळजापूर मागे पडलं. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. नळदुर्ग जवळ आलं तेव्हा बाहेरच बघत म्हणाली,

"सर, एक विचारू? खरं सांगायचं."

"विचार."

"शेवटचा बॉल म्या मारला असता, तर जिंकलो असतो का?"

तिची समजूत घालायला मी काहीही बोललो असतो. पण या प्रश्नाला खोटं उत्तर देणं म्हणजे तिचं सगळं वर्ष पाण्यात घालणं होतं.

"नाही," मी म्हणालो. "दोघींचे हात बॉलवर होते. हरलो असतो."

"नक्की?"

"नक्की."

"मग झालं," ती म्हणाली. तिने मोठा श्वास सोडला, माझ्याकडे पाठ केली, खिडकीला डोकं टेकवलं आणि बघता बघता झोपी गेली. अशी गाढ झोप मी तरी हरलेल्या माणसाला लागलेली पाहिली नाही.

उमरग्याच्या स्टँडवर अख्खी टपरी हलगी घेऊन उभी होती. गुलाल उडाला. "रुखसार! रुखसार!" असा एकच गलका झाला. त्या दिवशी गावाने रुखसारला खांद्यावर घेऊन मैदानापर्यंत मिरवलं, असं आजही टपरीवर सांगतात. पण तेही सगळे वरच बघत होते. मी खाली बघत होतो. ते खांदे नंदाचे होते.