रिमोटला एकच काज

"माप घेतल्याबिगर बोलाचं नाई, गुरुजी," असं म्हणत आमचे टेलर मास्तर गळ्यातला टेप ओढत आणि समोर जे असेल त्याला लावत. शिंप्याने कापडाला टेप लावला तर आपण समजू शकतो. पण मूल गावातल्या आमच्या गल्लीत मास्तरांनी मोजली नाही अशी वस्तू उरली नव्हती. दरवाजे झाले, शेजाऱ्याचा नवा फ्रिज झाला, एकदा तर त्यांनी माझ्या मेव्हण्याचं कपाळ मोजलं. मेव्हण्याला टोपी शिवायची नव्हती.

मास्तरांची बायको अंगाने फार बारीक होती. चार दिवसांच्या तापात गेली. मागे फोटो राहिला तो बँकेच्या पासबुकावरचा एक, आणि त्यातही शिक्का नेमका नाकावर. मात्र माझ्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये ती होती. हळदीचं ताट घेऊन दारात उभी, डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण, आणि शूटिंगवाल्यावर तडकलेली. "माह्यावर काऊन लाईट मारून राह्यला बापा? नवरदेवाले पाह्य ना!"

तो नवरदेव म्हणजे मी. पण खरं सांगतो, तीन तासांच्या त्या कॅसेटमध्ये बघण्यासारखं तेवढंच होतं.

दर दोन-तीन महिन्यांनी मास्तर यायचे. "गुरुजी, तुमचं लगन लावा ना," म्हणायचे, आणि आम्ही लग्न लावायचो. हळूहळू कॅसेटला बुरशी धरली आणि बाईंच्या चेहऱ्यावरून पांढऱ्या रेघा धावू लागल्या. मी म्हणालो, मास्तर, आता डिस्कवर उतरवून घेणारं रेकॉर्डर मशीन मिळतं, ते घेऊ या. नाहीतर एक दिवस टेप तुटेल आणि बाई जातील त्या जातील.

मास्तर घाबरले. दुसऱ्याच दिवशी आम्ही चंद्रपूरच्या बसमध्ये होतो. त्यांच्या खिशात कापडाचे तीन तुकडे होते: पिवळा, लाल आणि पांढरा. माझ्या व्हीसीआरच्या मागच्या तीन भोकांच्या रंगांना जुळवून कापलेले.

दुकानदाराने चकचकीत मशीन काढलं आणि किती तास रेकॉर्डिंग होतं ते सांगू लागला. मास्तरांनी मशीन फिरवून पाठमोरं केलं आणि एकेका भोकाला तुकडा लावून पाहिला.

"पिवळा उडाला हाय. दुसरं दाखवा."

दुसऱ्याचा लाल पसंत पडला नाही. तिसऱ्यापर्यंत दुकानदार रडकुंडीला आला. "भाऊ, समोरून तरी पाहा ना!"

"कपडा उलटा करूनच पाह्यतात. शिवन मांगून दिसते," मास्तर म्हणाले. तिसऱ्याचं मॅचिंग जमलं आणि आम्ही ते घेऊन आलो. तुम्ही हसाल, पण मशीन निघालं उत्तम. समोरून बघून मी घेतलेला मिक्सर दोन महिन्यांत बसला होता.

डिस्क झाली. मग मास्तरांचा जावई आपल्या घरचा नवा टीव्ही घेऊन आला. पातळ, रुंद, भिंतीला टेकवला तर आरसा वाटावा असा. मुलगी-जावई भद्रावतीला राहायचे. म्हातारा एकटा आहे, बघू दे चांगलं, असा त्यांचा विचार. टीव्हीच्या पाठीमागे भोकंच भोकं, त्यात लाल दोन. मास्तरांनी जो लाल रंग जास्त जुळला त्यात वायर खुपसली आणि आवाज एकाच बाजूने येऊ लागला. "एका कानानं बहिरा हाय," म्हणत ते टीव्ही परत करायला निघाले होते. मी दुसऱ्या लालात वायर घातली.

आणि चित्र आलं! आम्ही सगळे वा म्हणालो, मास्तर मात्र पडद्याजवळ सरकले. पडद्यावरच्या बाईंनी सगळं दार भरून टाकलं होतं. गोल चेहरा, भरलेले खांदे.

"आई किती चांगली दिसून राह्यली," मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "अंगानं भरली."

मास्तरांनी चित्र थांबवायला लावलं आणि पडद्याला टेप लावला.

"खांद्याच्या साडेचार पट उंची होती तिची. एकवीस वर्सं बलाऊज शिवले मी. इथी साडेतीनच पट भरते."

"राहू द्या ना, बाबा. अशीच पायजे होती आई."

"तिले मी कधी ढिलं शिवलं नाई," मास्तर म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

मी तासभर रिमोटशी झटलो. शेवटी एका बटणाने चित्र आकसलं, दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले आणि मधे बाई बारीक झाल्या. एवढा मोठा पडदा आणि बाजू रिकाम्या, म्हणून जावई हळहळला. मास्तरांनी पुन्हा मोजलं. साडेचार भरले. तेव्हा कुठे त्यांनी चहा घेतला.

पण विजेची लाईन गेली की टीव्ही सगळं विसरायचा, आणि आमच्याकडे लाईन रोज जायची. आली की मास्तर टेप घेऊन हजर. भलतं बटण दाबलं जाऊ नये म्हणून त्यांनी रिमोटला जाड कापडाचं कव्हर शिवलं आणि त्याला एकच काज ठेवलं, त्याच बटणावर. आवाज वाढवायचा तर काय करायचं, असं मी विचारलं.

"तिचा आवाज कमी होता का, गुरुजी?"

मास्तर गेल्यावर टीव्ही आणि मशीन मुलीने भद्रावतीला नेलं. त्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेलो होतो. लाईन नुकतीच आली होती. तिने डिस्क लावली आणि बाईंनी दार भरून टाकलं. मनात म्हटलं, तिची आई, तिला आवडेल तशी तिने बघावी.

"काका, बाबा गेल्यावर मयनाभर आईले अशीच पाह्यली मी," ती म्हणाली. "मंग वाटे, हे कोनाची आई पाहून राह्यली मी?"

तिने कव्हरातला रिमोट उचलला आणि काजात बोट घातलं. दार लहान झालं. बारीक, तडकलेल्या बाई म्हणाल्या, "नवरदेवाले पाह्य ना!"

नवरदेवाला पडदा धूसर दिसत होता. मी त्या काजाकडे बघत बसलो. कापड विटलं होतं, पण टाका एकही सुटला नव्हता.