पडद्यावरचा हात

आमच्या ऑफिसातले संगणक सांभाळणारी वैशाली परवा साहेबांसमोर लॅपटॉप उघडून बसली होती. मीही तिथेच होतो. कामाच्या वेळेत इंटरनेटवर खासगी उद्योग कोण करतं, ते साहेबांना हवं होतं. पहिलं नाव देशमुखांचं निघालं. रोज तासभर.

"बघतात तरी काय? उघडा," साहेब म्हणाले.

वैशालीने पडद्यावर तळहात ठेवला. "वेळ किती गेला ते मी सांगितलं, साहेब. काय बघतात ते त्यांनाच विचारा. ते सांगतील."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. वैशालीची नोकरी अजून कायम झालेली नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तिचा हात मात्र हलला नाही.

शेवटी साहेबांनी देशमुखांना बोलावलं. ते खाली मान घालून म्हणाले, "बायकोच्या आजाराबद्दल वाचतो. घरी तिच्यासमोर वाचवत नाही."

साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं. मग म्हणाले, "जेवणानंतर अर्धा तास घेत जा."

घरची काळजी माणसाबरोबर ऑफिसात येते, त्याच्याच खुर्चीत बसते. पगार देणाऱ्याला तिच्यात डोकावण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत मला कुणाला सांगता आली नव्हती.

वैशालीला इथलं काम मी शिकवलं. हे मात्र तिचं तिचंच होतं. तरी संध्याकाळी बायकोला सगळं सांगताना माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "आमची वैशाली."