गोष्टीत नसलेली भाकरी
ट्रंकेतला जुना दिवाळी अंक उघडला, की माझ्या कथेच्या पानावर चटणीचा डाग दिसतो आणि दुष्काळातलं कर्जतकडचं ते गाव आठवतं. तिथे मी शाळेत मास्तर होतो आणि एका विधवा बाईंच्या घरात समोरची खोली भाड्याने घेऊन राहत होतो. बाईंचा मुलगा पुण्याला गेला तो गेलाच, पत्रसुद्धा नाही. उंबऱ्यात बसून त्याची वाट पाहणाऱ्या त्या बाईंवरच मी कथा लिहिली आणि ती छापून आली. गावात दाखवावी असं कुणी नव्हतं, म्हणून भीत भीत त्यांनाच वाचून दाखवली. रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी थापता थापता त्यांनी ऐकली, मध्येच पदराने डोळे पुसले. "लई खरं लिवलंय गुरुजी, मी अशीच बसते." मी फुललो. मग तवा उतरवत त्या म्हणाल्या, "पन ही बाई सकाळधरनं उपाशी कशी? वाट बघनारं मानूस भाकरी करत न्हाई व्हय? आन समोरच्या खोलीत तुमी ऱ्हाता, त्ये कुटं गेलं?" मी म्हणालो, "मला घातलं असतं तर ती एकटी वाटली नसती." "मंग मी कुटं येकटी हाय?" असं म्हणून त्यांनी माझं ताट त्या उघड्या अंकावरच ठेवलं. अडाणी बाईला कथेतलं काय कळतं, म्हणून मी फुगून धड जेवलोही नाही. आता मी अगदी माझ्या कथेतल्या बाईसारखा राहतो. समोरच्या खोलीत कुणी नाही.